काकू, जरा कॉम्प्युटर बघता का? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुम्ही कॉम्प्युटर इंजिनिअर आहात का?

नाही. बी.कॉम. पुण्यातल्या एका सहकारी बँकेत एकतीस वर्षं खाती सांभाळली. बँकेत पहिले कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांच्या एसी खोलीत देवळात जावं तसं चपला बाहेर काढून जावं लागे. त्या खोलीची जी गोडी लागली ती सुटली नाही. घरचं पहिलं मशीन १९९७ साली तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून जोडलं. सोळा एमबी रॅम घेतली म्हणून सासूबाईंनी 'एवढी कशाला?' विचारलं होतं. रॅम म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं, किंमत माहीत होती.

तर ही हौस आहे. सोसायटीत, नात्यात आणि जुन्या सहकाऱ्यांत तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते. मतं माझी आहेत आणि ती ठाम आहेत.

काहीही विकत घेताना बघायचं काय?

स्वतःला एक प्रश्न विचारा: उद्या ही कंपनी दुकान बंद करून गेली, तर माझ्या हातात काय उरेल?

कुकरची कंपनी बुडाली तरी शिट्ट्या होतात. मिक्सरची बुडाली तर भांडं बसवून देणारा कोणीतरी बुधवार पेठेत सापडतो. पण आमच्या दाराला मी हौसेने एक कॅमेरा लावला होता. त्याचं चित्र आधी कंपनीच्या सर्व्हरवर जायचं आणि तिथून माझ्या फोनवर यायचं. दोन वर्षांनी कंपनीने ती सेवा गुंडाळली. कॅमेऱ्यात बिघाड काहीच नाही, दिवासुद्धा लागतो, फक्त दिसत काही नाही. लोक दाराला काळी बाहुली टांगतात, तसा तो आता टांगलेला आहे.

पुढची बहुतेक उत्तरं याच प्रश्नातून निघतात.

सॉफ्टवेअर 'विकत घेतलं' म्हणजे ते माझं झालं ना?

नाही हो. पुण्या-मुंबईत भाड्याने राहिलेल्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. तुम्ही घराचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार करता तेव्हा घर तुमचं होत नाही. वापरायची परवानगी मिळते, अटींसकट. सॉफ्टवेअरचं लायसन्स तेच आहे. न वाचता 'मान्य आहे' दाबता तो तुमचा अकरा महिन्यांचा करार. फरक एवढाच की इथला घरमालक करार चालू असताना अटी बदलतो आणि त्याच्याकडे कायम दुसरी किल्ली असते.

त्या किल्लीचं उदाहरण २००९ सालचं. ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या प्रती लोकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या. ज्याने विकल्या त्याच्याकडे हक्क नव्हते, म्हणून. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. पण कपाटातलं पुस्तक रात्रीत नाहीसं करता येतं, हे ग्राहकांना त्या दिवशी कळलं.

भारतात कायद्याने दिलेली थोडी जागा आहे ती माहीत असू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, ज्याच्याकडे प्रोग्रामची प्रत रीतसर आहे त्याला ती हरवली किंवा खराब झाली तर असावी म्हणून बॅकअप प्रत करता येते. आणि १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) प्रमाणे निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. 'निव्वळ' या शब्दावर वकिलांची घरं चालतात, ते सोडा.

मोफत, मुक्त, खुलं: एकच ना सगळं?

नाही, आणि इथे मराठी माणसाला इंग्रजांपेक्षा सोपं आहे. त्यांच्याकडे 'फ्री' या एकाच शब्दात फुकटही येतं आणि स्वतंत्रही. त्यामुळे मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन या गृहस्थांचा निम्मा जन्म तो गोंधळ निस्तरण्यात गेला. आपल्याकडे फुकटला फुकट म्हणतात.

व्हॉट्सॲप मोफत आहे. पैसे पडत नाहीत, पण आत काय चाललंय ते बघता येत नाही आणि बदलता तर मुळीच येत नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये चार हक्क असतात आणि प्रोग्रामरच्या सवयीप्रमाणे त्यांची मोजणी शून्यापासून आहे. शून्य: हव्या त्या कामाला चालवा. एक: कसं चालतं ते उघडून बघा आणि बदला. दोन: प्रती वाटा. तीन: बदललेल्या प्रतीही वाटा. पैसे घेऊन विकलं तरी कोणी अडवत नाही. 'खुलं', म्हणजे ओपन सोर्स, हे नाव १९९८ साली आलं. व्यवहारात बहुतेक तीच सॉफ्टवेअरं दोन्हींत मोडतात. भांडण कशासाठी करायचं यावर आहे. एक पक्ष म्हणतो हा हक्काचा प्रश्न आहे, दुसरा म्हणतो असं केल्याने काम चांगलं होतं. मी पहिल्या पक्षात आहे, पण दुसऱ्या पक्षाच्या पंगतीतही जेवते.

'फुकट ते पौष्टिक' हा नियम मात्र फोनवरच्या फुकट टॉर्च ॲपला लावू नका. टॉर्चला तुमचे कॉन्टॅक्ट कशाला हवेत?

आमच्या ऑफिसात म्हणतात, जीपीएलला हात लावू नका, लागण होते. खरं का?

हा माझा आवडता प्रश्न. जीपीएल हे मुक्त सॉफ्टवेअरचं एक लायसन्स. लागण नव्हे, विरजण म्हणा.

शेजारणीकडून चमचाभर विरजण आणून दुधात घातलं की सगळं पातेलं दही होतं. नंतर 'यातलं अर्धं दूधच राहू दे' म्हणून चालत नाही. जीपीएलचं तसंच आहे. ज्याने हे लायसन्स लावून आपला कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला प्रोग्रामचा मजकूर, दिला, त्याची अट अशी की तो कोड आपल्या प्रोग्राममध्ये मिसळून तुम्ही लोकांना दिलात, तर सगळा प्रोग्राम त्याच अटींवर द्यायचा, मूळ कोडसकट. कंपनीला दूध म्हणूनच विकायचं असेल तर तिच्या उत्साहावर विरजण पडणारच. पण ते विरजण आहे हे डब्यावर लिहिलेलं होतं.

लोक एक गोष्ट विसरतात. घरातल्या घरात दही लावून खाल्लं तर कोणाला वाटायची सक्ती नाही. ऑफिसने जीपीएलचा कोड बदलून फक्त स्वतःसाठी वापरला तर काहीही देणं लागत नाही. वाटप झालं की अट लागू होते. ही पळवाट होती: प्रोग्राम वाटायचाच नाही, आपल्या सर्व्हरवर ठेवायचा आणि लोकांना नेटवरून वापरायला द्यायचा. ती बुजवायला एजीपीएल नावाचं भावंड आहे.

जीपीएलची पहिली आवृत्ती १९८९ ची, दुसरी जून १९९१ ची, तिसरी २००७ ची. तिसरीची गरज का पडली ते पुढच्या प्रश्नात, कारण ती गोष्ट टीव्हीवरून सुरू होते.

माझ्या टीव्हीत लिनक्स आहे म्हणे. मग तो मुक्त झाला का?

अमेरिकेत टिवो नावाचा एक डबा मिळायचा, टीव्हीचे कार्यक्रम रेकॉर्ड करणारा. आत लिनक्स होतं, म्हणजे विंडोजसारखी मशीन चालवणारी, पण जीपीएलवरची मुक्त सिस्टिम. कंपनीने लायसन्सप्रमाणे कोड प्रामाणिकपणे दिला. लोकांनी तो घेतला, सुधारला, परत डब्यात घातला, आणि डबा म्हणाला, 'कंपनीची सही नाही, चालवणार नाही.' अक्षर पाळलं आणि अर्थ मोडला. तिसऱ्या आवृत्तीत ग्राहकांना विकलेल्या वस्तूंपुरतं हे बंद केलं. पण लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, मला कोड परत मिळाला की झालं, डब्याला कुलूप लावायचं की नाही हे डबेवाल्याने ठरवावं. म्हणून लिनक्सचा गाभा आजही दुसऱ्या आवृत्तीवर आहे.

मला टोरवाल्ड्सचं म्हणणं कळतं, पण पटत नाही. त्यांच्या हातात कोड आला, माझ्या हातात डबा आहे.

फोन हातात असेल तर एक गंमत करा. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' असतं, त्यात कायदेशीर माहिती, त्यात ओपन सोर्स लायसन्स. ती यादी बोटाने खाली सरकवत राहा, संपता संपत नाही. तुमचा फोन त्या सगळ्या लोकांच्या कामावर उभा आहे, आणि तरी बहुतेक फोनांत तुम्ही स्वतःची सिस्टिम सहजासहजी घालू शकत नाही.

एमआयटी, बीएसडी ही लायसन्सं काय आहेत?

विरजणाऐवजी साखर. घ्या, घाला, विरघळली की कोणाला दिसत नाही. फक्त लेखकाचं नाव आणि लायसन्सचा मजकूर ठेवा. सोनीच्या प्लेस्टेशन ४ ची सिस्टिम फ्रीबीएसडी या मुक्त सिस्टिमवर उभी आहे, ॲपलच्या मॅकमध्येही बीएसडीचा बराच अंश आहे, आणि दोन्ही वस्तू घट्ट बंद आहेत. साखर देणाऱ्याची तक्रार नाही. आपण करणारे कोण?

एखादं मुक्त सॉफ्टवेअर उद्या बंद करून टाकलं तर?

करतात. रेडिस हा सर्व्हरवर चालणारा डेटाबेस वर्षानुवर्षं बीएसडी लायसन्सवर होता. मार्च २०२४ मध्ये कंपनीने ते बदलून जाचक अटी आणल्या. कारण उघड होतं: मोठ्या क्लाउड कंपन्या तेच सॉफ्टवेअर भाड्याने देऊन पैसा करत होत्या. पण जुना कोड एकदा दिलेला होता, तो परत घेता येत नाही. काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली वाल्की नावाने वेगळी चूल मांडली गेली आणि तिथे त्याच क्लाउड कंपन्यांचे लोक जेवायला बसले. मे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएलचा पर्याय देऊन पुन्हा मुक्त दुनियेत पाऊल ठेवलं.

बघा, माझा दुकान बंद होण्याचा प्रश्न इथेही लागू झाला. दुकान बंद झालं तरी हातात सगळा कोड उरला.

कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे चोरांनाही दिसतो. मग धोका नाही का?

आहे. मार्च २०२४ मध्येच एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या छोट्याशा प्रोग्रामात मागचं दार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, सापडलं. 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी दोनेक वर्षं चांगलं काम करून, दमलेल्या मूळ सांभाळणाऱ्याचा विश्वास मिळवून, ते दार बसवलं होतं. सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला आपल्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं आणि तो माणूस त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला.

या गोष्टीतून दोन्ही बाजूंचे लोक आपापला मुद्दा सिद्ध करतात. मला त्यातला दमलेला माणूस आठवतो. अर्ध्या जगाचे सर्व्हर ज्याच्यावर टेकलेले, तो एकटा, फावल्या वेळात काम करत होता.

विंडोज १० बंद झालं. लॅपटॉप चांगला आहे. टाकून देऊ का?

थांबा! कचऱ्यात काहीही टाकू नका.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढवून घेतलेली मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मशीन त्यानंतरही चालेल, फक्त नव्या भोकांना ठिगळं मिळणार नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे २०१७ च्या आतबाहेरचा. त्याआधीचं मशीन कितीही धडधाकट असलं तरी पंगतीतून उठवलं.

वरच्या मजल्यावरच्या काकांचा २०१५ चा लॅपटॉप असाच आला. 'फार हळू चालतो, नवीनच घेतो म्हणतो.' खाली पाच स्क्रू. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली, रॅम चारची आठ जीबी केली आणि लिनक्स मिंट (लिनक्सचा एक सोपा अवतार) घातलं. काका आता बँकेचं पासबुक, नातवाचे व्हिडिओ कॉल आणि कीर्तनं यांवर खूश आहेत. त्यांनी एकच तक्रार केली, पत्त्यांचा खेळ वेगळा दिसतो.

घालायच्या आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, आतल्या डिस्कला हात न लावता. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर दिसतो का, हे अर्ध्या तासात कळतं.

आणि लिनक्स कोणी घेऊ नये तेही सांगते, कारण आमच्या पंथातले लोक हे सांगत नाहीत. टॅलीवर धंदा चालतो, कोरलड्रॉ किंवा फोटोशॉपवर पोट आहे, सरकारी साइटवर डिजिटल सहीचं डोंगल लावावं लागतं, तर विंडोजवर राहा. झगडण्यात आयुष्य जातं. लिबरऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेलचं काम करणारं मुक्त सॉफ्टवेअर, शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतून धडे आहेत. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकतायत, तेव्हा 'अवघड आहे' हे मला सांगू नका.

नेटवर तीनशे रुपयांत विंडोजची 'की' (चालू करायचा कोड) मिळते. घेऊ?

ती बहुधा मोठ्या संस्थांना घाऊक दिलेल्या लायसन्समधली किंवा भंगारातल्या मशीनची असते. आज चालेल, उद्या नाही. मशीनबरोबर आलेलं विंडोज त्याच मशीनच्या मदरबोर्डाशी बांधलेलं असतं. ते काढून दुसरीकडे नेता येत नाही.

'क्रॅक' टाकून देतो म्हणणाऱ्यांबद्दल: ते आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. चोराने घरमालकाकडेच किल्ली मागावी आणि आपण ती द्यावी! मी पोलीस नाही, कोणाच्या घरी काय चालतं ते बघायला जात नाही. पण तसलं मशीन माझ्याकडे आणलंत तर मी त्यात माझा पेनड्राइव्ह घालणार नाही.

जुन्या मराठी फायली उघडल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. का?

बसा, याला वेळ लागेल.

आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला निघाली तेव्हा वकिलांनी १९९९ पासूनची इतिवृत्तं मागितली. फायली होत्या. तत्कालीन सेक्रेटरींनी अगदी नीट सालवार ठेवल्या होत्या. उघडल्या तर खिचडी. ज्या सॉफ्टवेअरमध्ये त्या लिहिल्या त्याला चालवायला एक कुलूप लागायचं. हातात मावेल असा ठोकळा, जुन्या मशीनच्या मागे प्रिंटरच्या जागी लावायचा. ठोकळा सेक्रेटरींच्या मुलाने खणातून शोधून दिला. तो लावायची जागा आता कुठल्याच मशीनला नसते. शेवटी पासोड्या विठोबाजवळच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडे धूळ खात पडलेलं मशीन मिळालं.

झालं होतं असं. त्या काळच्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी इंग्रजीच मजकूर असायचा. जिथे इंग्रजी अक्षराचं चित्र असतं तिथे फॉन्टवाल्याने 'क'चं किंवा अर्ध्या 'त'चं किंवा नुसत्या वेलांटीचं चित्र बसवलेलं. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की सोंग उतरतं. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, त्यामुळे एकाचं दुसऱ्यात चालत नाही. याच्याइतकं घट्ट कुलूप मी दुसरं पाहिलं नाही, कारण इथे आपलीच भाषा आपल्याला वाचता येत नव्हती.

वाईट याचं वाटतं की पर्याय तेव्हाही होता, आणि तोही पुण्यात. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या जिस्टचं, म्हणजे भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणण्याचं, काम याच गावचं. १९९१ हे साल बघा: त्या वर्षी भारतीय लिप्यांचं इस्की हे प्रमाण राष्ट्रीय मानक झालं. युनिकोड, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना एकेक ठरलेला क्रमांक देणारं मानक, त्याची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातला देवनागरीचा भाग इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर बेतलेला होता. जीपीएलची दुसरी आवृत्ती, लिनक्सची पहिली घोषणा, सी-डॅकचा परम ८००० हा महासंगणक, सगळं त्याच वर्षीचं. आणि आमची इतिवृत्तं त्यानंतर आठ वर्षांनी कुलूपबंद लिहायला सुरुवात झाली.

रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात, काम बरंचसं होतं. पण 'दऱ्या'चे 'दर्या' होतात, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. जोडाक्षरं तुटतात. दोन शनिवार-रविवार मी आणि सेक्रेटरींच्या सूनबाई समोरासमोर बसून वाचत होतो. २००३ च्या एका सभेत पाण्याच्या टाकीवरून कोण कोणाला काय बोललं तेही त्यात आहे. ते मी इथे लिहिणार नाही.

मग आता मराठी कशात लिहावं?

युनिकोडमध्ये, आणि शक्य असेल तर मुक्त फॉन्टमध्ये. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त, रेड हॅट या लिनक्स कंपनीने आणलेला लोहित, गुगलचे नोटो, हे सगळे ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत. छापा, पत्रिकेत वापरा, फाइलमध्ये बसवून पाठवा, हवा तर बदला. फक्त नुसता फॉन्ट म्हणून विकायचा नाही. हो, त्या फॉन्टचं नावच 'मुक्त' आहे.

कीबोर्ड इनस्क्रिप्ट शिका. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, प्रत्येक मशीनमध्ये आधीच असतो, काही उतरवून घ्यावं लागत नाही. माझी वहिनी साठीनंतर तीन आठवड्यांत शिकली.

एक बारीक खाच: 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र काढायचे. दिसायला सारखं, पण कॉम्प्युटरला वेगळं. तुमच्या जुन्या फायलीत 'ॲडव्हान्स' शोधून सापडत नसेल तर कारण हे असू शकतं.

प्रिंटर कोणता घेऊ?

महिन्याला दहा-वीस पानं काढणाऱ्याने शाईचा घेऊ नये. शाई वाळते, तोंड बुजतं, ते साफ करायला तो आणखी शाई पितो. काळापांढरा लेझर घ्या, टोनर पावडर असते, वाळत नाही. रंगीत फोटो कोपऱ्यावरच्या दुकानातून काढा. आणि कार्ट्रिजवर चिप असेल तर बाहेरची भरलेली चालेल की नाही ते आधी विचारा. माझ्याकडच्या एकाने एका अपडेटनंतर भरलेली कार्ट्रिज घ्यायचं नाकारलं, आदल्या दिवसापर्यंत गोड चालत होती.

मुक्त सॉफ्टवेअरचं सगळं रामायणही प्रिंटरवरूनच सुरू झालं. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सने एक लेझर प्रिंटर दिला. कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल अशी सोय स्टॉलमननी आधीच्या प्रिंटरला केली होती. नव्याचा कोड मिळेना. ज्याच्याकडे होता त्याने दुसऱ्या विद्यापीठात बसून सांगितलं, 'न देण्याचं वचन दिलंय.' १९८३ मध्ये स्टॉलमननी जीएनयूची, म्हणजे पूर्णपणे मुक्त सिस्टिम लिहिण्याच्या प्रकल्पाची, घोषणा केली.

पॉवर बँक वीस हजारची घेतली, फोन चारदा का भरत नाही?

कारण आकडा आतल्या सेलचा आहे आणि ते सेल ३.७ व्होल्टवर चालतात. २०,००० एमएएच गुणिले ३.७ म्हणजे ७४ वॉट-तास. बाहेर देताना ५ व्होल्ट करावे लागतात, तिथे आकडा १४,८०० वर येतो, आणि उष्णतेत आणखी जातं. पाच हजारचा फोन साधारण तीनदा भरेल. पाठीमागे बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' लिहिलेली असते, ती खरी. विमानात १०० वॉट-तासांपर्यंत हातातल्या बॅगेत चालते.

एक टीबीची डिस्क ९३१ का दिसते, तेही याच जातीचं: बनवणारा हजाराने मोजतो, विंडोज १०२४ ने.

यूएसबी-सी आलं, आता कुठलीही केबल चालेल ना?

तोंड सारखं, पोट वेगळं. एका केबलमधून सेकंदाला ४८० मेगाबिट जातात, तशाच दिसणाऱ्या दुसरीतून ४० गिगाबिट. साधी केबल ६० वॉटपर्यंत, त्यापुढे आत ओळख सांगणारी चिप लागते. युरोपने २८ डिसेंबर २०२४ पासून फोनना हेच तोंड सक्तीचं केलं ते उत्तम केलं, घरातला एक खण रिकामा झाला. केबलवर वेग आणि वॉट छापायची सक्ती केली असती तर आणखी बरं.

दोन टीबीचा पेनड्राइव्ह चारशे रुपयांना मिळाला!

नाही मिळाला. आत ३२ किंवा ६४ जीबी असेल, आणि तो कॉम्प्युटरशी खोटं बोलतो. जागा संपली की नवीन फायली हवेत जातात, नावं मात्र दिसत राहतात. एफ३ नावाचा मुक्त प्रोग्राम पूर्ण भरून, परत वाचून खरं काढतो. लग्नाचे फोटो त्यात घातले असतील तर आजच काढा.

आयफोन की अँड्रॉइड?

ज्याला सुरक्षेचे अपडेट जास्त वर्षं मिळतील तो. घेण्याआधी 'किती वर्षं?' विचारा. दुकानदार कॅमेऱ्याबद्दल बोलू लागला तर पुन्हा विचारा.

फोनची पाठ फुगली आहे. दाबून बसवू?

अजिबात नाही! बॅटरी फुगली आहे. चार्जिंग लगेच थांबवा, टोचू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. बॅटरी बदलली की फोन आणखी दोन वर्षं सहज जातो.

ते 'ओपन' एआय मॉडेल तरी मुक्त आहेत ना?

काही आहेत, पुष्कळ नाहीत. मेटाच्या, म्हणजे फेसबुकवाल्या कंपनीच्या, लामा या मॉडेलच्या लायसन्समध्ये ७० कोटींहून जास्त मासिक वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना वेगळी परवानगी मागायला लावणारी अट होती. तुम्हाला-मला ती कधी लागणार नाही, पण अट म्हणजे अट. दही नाही ते दही म्हणून विकू नये.

तुमच्याकडे कधी येऊ?

रविवारी सकाळी दहा ते बारा. बेल वाजवा, तो कॅमेरा चालत नाही. पासवर्ड आठवून या, आणि चार्जर बरोबर आणा. सगळे विसरतात.